काळजाला चटका, आणि सही मात्र इंग्रजीत



आज जरा भांडायचंच ठरवून लिहायला बसले आहे. दोन महिने ब्लॉगवर काही लिहिलं नाही म्हणून काहींनी मेल करून चौकशी केली. बरी आहे मी. वाचत होते. आणि वाचता वाचता डोक्यात जे तापत गेलं, ते आज इथे उतरवते.

भांडण एका वाक्याशी आहे. "ते टेक्निकल असतं हो, तुम्हाला नाही कळायचं." हे वाक्य बँकेत ऐकलं, वीज मंडळात ऐकलं, तिथे सोडून दिलं. पण हृदयाला चटके देण्याआधी कोणी हे ऐकवलं तर मी सोडणार नाही. पस्तीस वर्षं वर्गात उभी राहिले आहे. जे नीट सांगता येत नाही ते बहुतेक वेळा सांगणाऱ्याने सांगायचंच नाही असं ठरवलेलं असतं, हा माझा अनुभव.

निमित्त घरचंच. माझ्या धाकट्या जाऊबाईंना एट्रियल फिब्रिलेशन आहे. म्हणजे हृदयाचे वरचे दोन कप्पे तालात आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरत राहतात. गोळ्यांनी भागेना, म्हणून कॅथेटर अ‍ॅब्लेशन करायचं ठरलं. रुग्णालय मोठं, नाव सांगत नाही. सहीसाठी सहा पानी इंग्रजी कागद आला. मी समुपदेशक मुलीला विचारलं, "नेमकं काय भाजणार, किती भाजणार?" ती गोड हसून म्हणाली, "आजी, आमच्याकडे नव्वद वॉटचं लेटेस्ट मशीन आहे. चार सेकंदांत एक पॉइंट. टेन्शनच घेऊ नका!" आणि पुढे ते वर लिहिलेलं वाक्य.

मुलगी बिचारी शिकवलेलं बोलत होती, तिच्यावर राग नाही. राग आहे तो असं शिकवणाऱ्यांवर. "नव्वद वॉट, चार सेकंद" हे उत्तर नव्हेच. "भाकरी कशी केलीत?" असं विचारल्यावर "गॅस मोठा होता" असं सांगण्यासारखं ते आहे. तवा कसला, भाकरी केवढी, किती वेळ ठेवली, उलटली कधी? नुसत्या आचेवरून भाकरी कच्ची की करपलेली हे कोणी सांगू शकेल का?

आता मी मराठीची बी.ए. विज्ञानाशी संबंध एवढाच, की विज्ञानाचे गुरुजी रजेवर गेले की त्यांचा तास माझ्याकडे यायचा. तरीही हे सगळं मराठीत सांगता येतं हे मी आज इथे दाखवून देणार आहे. कळलं नाही तर खाली प्रतिक्रियेत खुशाल कान धरा.

आधी थोडा इतिहास. १९८२ साली अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या मेल्विन शाइनमन यांनी माणसाच्या हृदयात नळी घालून, विजेचा एक जबरदस्त झटका देऊन, आतला वहनाचा मार्ग तोडल्याचं प्रसिद्ध केलं. ते काम घणाने खिळा मारण्यासारखं होतं. पुढे रेडिओफ्रिक्वेन्सी आली. आपल्या घरातल्या विजेची सेकंदाला ५० आवर्तनं होतात, हिची सुमारे ५ लाख. एवढ्या वेगाने दिशा बदलणारी वीज स्नायूला झटका देत नाही, फक्त तापवते. मग १९९८ साली फ्रान्समधल्या बोर्दो इथल्या मिशेल हाइसागेर आणि सहकाऱ्यांनी ४५ रुग्णांचा अभ्यास छापला. ही थरथर सुरू करणारे खोडकर ठोके बहुतांशी फुप्फुसांकडून डाव्या कर्णिकेत येणाऱ्या शिरांमधून निघतात, असं त्यांनी दाखवलं. तेव्हापासून उपाय ठरला: त्या शिरांच्या तोंडाभोवती चटक्यांचं कुंपण घालायचं. चटका बसलेल्या जागी पेशी मरतात, वण तयार होतो, आणि वणातून वीज जात नाही.

कुंपण म्हटलं की पुढचं शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. एक फट राहिली की गुरं आत! इथे फट राहिली की काही आठवड्यांनी थरथर परत. आणि कुंपणाची मेख गरजेपेक्षा खोल ठोकली तर पलीकडे काय आहे तेही फुटणार. सगळी गोष्ट या दोन भीतींमधली आहे.

आता आपली मराठी बघा. शेकणं, भाजणं, पोळणं, करपणं, होरपळणं, चटका बसणं, डाग देणं. उष्णतेने काय काय होतं त्याच्या किती पायऱ्या आपल्या भाषेत आहेत! हृदयातही अगदी अशाच पायऱ्या आहेत. शरीराचं तापमान ३७ अंश. पन्नासच्या आसपास गेलं की स्नायूपेशी कायमची मरते. पन्नासच्या थोडं खाली राहिलं तर ती नुसती गप्प होते, मेलेली नसते. डॉक्टरांना टेबलावर वाटतं कुंपण पूर्ण झालं, आणि सूज उतरल्यावर ती पेशी पुन्हा बोलू लागते! आणि शंभर अंशांवर? तिथे पाणी उकळतं. मांसाच्या आत वाफ कोंडते आणि फट्‌दिशी फुटते. याला स्टीम पॉप म्हणतात. कधी त्याने भिंतीला भोकही पडतं. म्हणजे पन्नासच्या वर आणि शंभरच्या बरंच खाली, एवढ्याच जागेत खेळायचं.

हा खेळ कशाकशावर ठरतो? एकेक घेते.

पहिली ताकद, म्हणजे ते वॉट. नळीच्या टोकातून निघालेली वीज शरीरातून पाठीवर किंवा मांडीवर चिकटवलेल्या पट्टीकडे जाते. टोकाशी ती दाटीवाटीने असते आणि पुढे झपाट्याने पसरते. त्यामुळे विजेने थेट तापतो तो टोकाला लागून असलेला जेमतेम एक-दीड मिलिमीटरचा थर. त्याच्या पलीकडे जे तापतं ते या थराची ऊब झिरपत गेल्याने.

दुसरा वेळ. झिरपायला वेळ लागतो, हे भाकरी भाजणाऱ्या बाईला सांगायला नको. मोठ्या आचेवर थोडा वेळ ठेवलं की चट्टा रुंद आणि उथळ होतो, मध्यम आचेवर जास्त वेळ ठेवलं की खोल. पूर्वापार पद्धत साधारण २५ ते ३५ वॉट आणि अर्धा ते एक मिनिट अशी होती. मग ५० वॉट आणि दहाएक सेकंद आलं, आणि मग ते ९० वॉट, ४ सेकंद. हे शेवटचं वाईट आहे असं मी म्हणत नाही. कर्णिकेची भिंत पातळ, दोन-तीन मिलिमीटरची. तिथे उथळ चट्टा पुरतो, काम लवकर होतं, भूल कमी लागते. पण जिथे भिंत जाड आहे तिथे तेवढंच पुरेल का, हा प्रश्न उरतोच. हृदयाच्या खालच्या डाव्या कप्प्याची भिंत तर सेंटिमीटरभर जाड असते, तिथे चार सेकंदांचं काय कौतुक? शिवाय गॅस बंद केला तरी तवा तापलेला राहतो. वीज थांबल्यावरही ऊब काही क्षण पुढे सरकत असते. घाईच्या कामात हे जास्त जपावं लागतं.

तिसरा दाब. नळीचं टोक हृदयाच्या भिंतीला किती टेकलंय, हे ग्रॅममध्ये मोजतात. आणि हृदय काही पोळपाटासारखं स्थिर नाही. ते धडधडतंय, शेजारी फुप्फुसं हलताहेत. टोक निसटलं तर सगळी उष्णता वाहतं रक्त घेऊन जातं, वॉट कितीही असोत. २०१२ साली प्रसिद्ध झालेला टोकाटा नावाचा अभ्यास आहे. रुग्ण ३२च होते, पण निकाल डोळे उघडणारा. ज्यांच्या बाबतीत सरासरी दाब १० ग्रॅमहून कमी होता, त्या सगळ्यांचा विकार वर्षभरात परतला. २० ग्रॅमहून जास्त होता त्यांतले ८० टक्के बरे राहिले. दहा ग्रॅम म्हणजे किती? दोन छोटे चमचे पाणी! आणि म्हणून दाबतच जावं म्हटलं तर भिंत फुटायची भीती.

चौथा अडथळा, ओहममध्ये मोजतात तो. इथे आठवीचं गणित करू. वॉट म्हणजे विद्युतप्रवाहाचा वर्ग गुणिले रोध. यंत्र ४० वॉटवर लावलं. एका रुग्णाच्या शरीराचा रोध १०० ओहम, तर प्रवाहाचा वर्ग ०.४, प्रवाह सुमारे ०.६३ अँपियर. दुसऱ्याचा रोध १५०, तर वर्ग ०.२७, प्रवाह ०.५२. टोकाशी किती तापणार हे प्रवाहाच्या वर्गावर ठरतं. म्हणजे त्याच ४० वॉटमध्ये दुसऱ्या रुग्णाला तिसरा हिस्सा उष्णता कमी! यंत्र तेच, आकडा तोच, चट्टा वेगळा. (पाठीवर एकाऐवजी दोन पट्ट्या लावल्या तरी हा रोध कमी होतो.) चटका देताना हा रोध हळूहळू दहाएक ओहम उतरला तर तापतंय अशी खूण. एकदम चढला तर टोकावर काजळी धरली असं समजायचं.

पाचवं पाणी. हल्लीच्या नळ्यांच्या टोकाला बारीक छिद्रं असतात, त्यातून सलाईन वाहतं. त्याने टोक थंड राहतं, रक्त करपून चिकटत नाही आणि ताकद वाढवता येते. पण मग टोकावरचा तापमापक मांसाचं खरं तापमान सांगत नाही. सर्वांत जास्त तापलेली जागा पृष्ठभागाखाली किंचित आत असते. फडकं ओलं करून पातेल्याला लावलं आणि "गार आहे की!" म्हटलं, तर आतलं दूध थांबेल का उतू जायचं?

आणि सहावी, माझ्या लेखी सर्वांत महत्त्वाची, ती जागा. डाव्या कर्णिकेच्या मागच्या भिंतीला अगदी लागून अन्ननलिका जाते. पुढच्या भिंतीवर जो चटका योग्य, तोच मागे दिला तर अन्ननलिकेपर्यंत पोचू शकतो. म्हणून बेल्जियममधल्या ब्रुज इथल्या डॉक्टरांनी जी पद्धत बसवली, तिच्यात ताकद, वेळ आणि दाब एकत्र करून एक निर्देशांक काढतात. पुढच्या भिंतीला तो ५५० आणि मागच्या भिंतीला ४०० इतका गाठायचा, आणि दोन चटक्यांत ६ मिलिमीटरपेक्षा जास्त अंतर ठेवायचं नाही. बघा, जाणत्या डॉक्टरांनी स्वतःसाठी कधीच एक आकडा पुरेसा मानला नाही. एकच आकडा फक्त आपल्यासाठी, जाहिरातीच्या पत्रकावर!

झालं. सहा मुद्दे. वाचायला किती वेळ लागला? चहा निवायच्या आत होतं. यात "नाही कळायचं" असं काय होतं?

आता पलीकडून काय उत्तरं येतात तेही ठाऊक आहे.

"डॉक्टरांना वेळ नसतो." मान्य. मग एक पानभर मराठी माहितीपत्रक छापा. एकदा छापायचं आहे, रोज नाही. रंगीत जाहिरातीला वेळ आणि पैसा मिळतो ना?

"रुग्ण घाबरतात." घाबरू द्या की थोडं. अपुऱ्या माहितीतून येणारा धीर काय कामाचा? एक खरी गोष्ट सांगते, त्यावरून ठरवा. मागच्या भिंतीचा चटका खोल गेला तर क्वचित हृदय आणि अन्ननलिका यांच्यामध्ये भोक पडतं. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक पाहणीत साडेपाच लाखांहून जास्त अ‍ॅब्लेशनचा हिशोब मांडला आहे. हा प्रकार १३८ रुग्णांत झाला, म्हणजे सुमारे चार हजारांत एक. अत्यंत विरळ. पण झालं त्यांतले जवळजवळ दोन तृतीयांश दगावले. आणि लक्षणं कधी सुरू होतात? त्या पाहणीत निम्म्या रुग्णांत १८ दिवसांनंतर, काहींत अगदी दोन महिन्यांपर्यंत. तोवर रुग्ण घरी असतो. ताप येतो, छातीत दुखतं, गिळताना दुखतं. घरचे म्हणतात व्हायरल असेल, आणि गल्लीतल्या डॉक्टरांकडून गोळी आणतात. किंवा कोणी दुर्बीण घालून अन्ननलिका तपासतं. त्या तपासणीत हवा भरतात, आणि इथे तीच हवा हृदयात जाऊन घात करू शकते. आता सांगा, हे न सांगता घरी पाठवणं म्हणजे रुग्णाला भीतीपासून वाचवणं, की मरणाच्या वाटेवर एकटं सोडणं? जाऊबाईंच्या घरी जाण्याच्या कागदावर याबद्दल एक ओळ होती. इंग्रजीत, बारीक टायपात, सातव्या क्रमांकावर. मी ती मोठ्या मराठी अक्षरांत लिहून त्यांच्या फ्रिजवर चिकटवली: "दोन महिन्यांत ताप, छातीत दुखणं, गिळताना त्रास किंवा बोलण्या-चालण्यात अचानक फरक, तर त्याच हृदयविभागात जायचं आणि अ‍ॅब्लेशन झालंय हे आधी सांगायचं."

"मग काय, आता रुग्ण सांगणार किती वॉट लावायचे?" हा टोमणा. नाही हो डॉक्टरसाहेब! विमानात बसल्यावर मी वैमानिकाला हँडल कसं धर ते सांगत नाही. पण विमान कुठे चाललंय ते मात्र मला माहीत असतं. आकडा तुम्हीच ठरवा. तुमचा हात, तुमचा अभ्यास. कसं ठरवता, कुठे बेताने घेता, आणि चुकलं तर कोणत्या दोन बाजूंनी चुकू शकतं, एवढं मला माझ्या भाषेत सांगा.

"आजी, तुमचं चटकेपुराण जुनं झालं. आता पल्स्ड फील्ड आलंय." आलंय, ठाऊक आहे. अमेरिकेत डिसेंबर २०२३ आणि जानेवारी २०२४ मध्ये त्या पद्धतीच्या पहिल्या दोन यंत्रणांना परवानगी मिळाली. त्यात भाजत नाहीत, अतिशय थोड्या वेळाचे उच्च दाबाच्या विजेचे ठोके देऊन पेशींना छिद्रं पाडतात. हृदयाचा स्नायू त्याला लवकर बळी पडतो आणि अन्ननलिका बरीच तगते. चांगलीच गोष्ट आहे. पण तिथेही व्होल्ट किती, ठोके किती, टोक भिंतीला टेकलं होतं का, यावरच चट्टा ठरतो. ठोके फार झाले तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटून मूत्रपिंडावर ताण आल्याचं दिसून आलं आहे. यंत्र बदललं म्हणून प्रश्न बदलत नाहीत. उलट उद्या पत्रकावर "इतके हजार व्होल्ट!" असं छापून येईल, आणि आपण पुन्हा माना डोलवू.

आणि हे काही मी उपकार म्हणून मागत नाही. २००८ साली समीरा कोहली खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की उपचार काय आहे, कशासाठी, पर्याय कोणते, मोठे धोके कोणते, याची पुरेशी माहिती दिल्याशिवाय घेतलेली संमती ही खरी संमती नाही. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ साली तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत, ही माहिती रुग्णाला समजेल अशा भाषेत द्यावी असंही आहे. समजेल अशा! मग ज्या बाईने जन्मात इंग्रजीत पत्र लिहिलं नाही तिची सहा पानांवर सही घेणं, याला संमती म्हणायचं की सुवाच्य अक्षराचा नमुना?

म्हणून, मंडळी, तुमच्यापैकी कोणावर किंवा घरातल्या कोणावर हा प्रसंग आला, तर सही करण्याआधी हे पाच प्रश्न विचारा. कुठल्या कप्प्यात, कुठल्या भिंतीवर चटके देणार? चटका पुरेसा बसला हे कशावरून ठरवणार, नुसत्या सेकंदांवरून की दाब आणि रोध बघून? मागच्या भिंतीला वेगळं प्रमाण ठेवणार का, आणि अन्ननलिका जपायला काय करणार? कुंपण पूर्ण झालं हे शेवटी कसं तपासणार, आणि थोडा वेळ थांबून पुन्हा तपासणार का? घरी गेल्यावर दोन महिन्यांत काय झालं तर कोणाला फोन करायचा? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी चिडत नाही. जाऊबाईंच्या डॉक्टरांना मी शेवटी स्वतः भेटले, तेव्हा त्यांनी कागदावर हृदय काढून दहा मिनिटांत सगळं सांगितलं. छान मराठीत! म्हणजे अडचण ज्ञानाची नाही, भाषेचीही नाही. विचारणाऱ्याला उत्तर मिळतं आणि न विचारणाऱ्याला पत्रक मिळतं, ही ती अडचण. आणि आपल्या पिढीतल्या किती बायका विचारतात?

ब्लॉगवर येणाऱ्या डॉक्टर मंडळींना एक विनंती. तुमच्यापैकी कोणी असं एक पान मराठीत लिहिणार असाल तर मला पाठवा. शुद्धलेखन मी फुकट तपासून देईन, आणि एकही ऱ्हस्व-दीर्घ सोडणार नाही. बाकीच्यांनी घरातल्या वडीलधाऱ्यांना हे मोठ्याने वाचून दाखवा, चष्मा शोधेपर्यंत ते थांबणार नाहीत. आणि कोणाला माझं काही पटलं नसेल तर खाली जरूर लिहा. भांडायला मी आहेच.

असो. रात्रीचे साडेदहा वाजले, थांबते.